सकाळची ती वीस मिनिटं परत सुरू करा : हाडांच्या विभागाच्या व्यवस्थापनाला खुलं पत्र

प्रति,
वैद्यकीय अधीक्षक, हाडांच्या विभागाचे प्रमुख, नर्सिंग सुपरिटेंडेंट आणि तो कागद सही करून वॉर्डच्या दारावर लावणारे सगळे,

नमस्कार.

विषय वेगळा लिहीत नाही, कागद म्हटल्यावर तुम्हाला कळलंच असेल. हाडांच्या वॉर्डच्या दारावर चिकटवलाय तो, "मनुष्यबळाच्या पुनर्रचनेमुळे वृद्ध रुग्णांचा संयुक्त राउंड पुढील सूचना मिळेपर्यंत स्थगित". कोपरे पिवळे पडलेत त्याचे, चिकटपट्टी सुटत आलीये, म्हणजे ती पुढची सूचना काही येण्याच्या रस्त्यावर दिसत नाही. मी आधी तक्रारपेटीत चिठ्ठी टाकली, तिचं काय झालं माहीत नाही. मग मेल केला, त्याला दोन सेकंदात "आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे" असं आपोआप उत्तर आलं आणि त्यानंतर कोणाचंच काही नाही. म्हणून हे असं चारचौघात लिहितेय. यात कोणाचं नाव घेणार नाही, हॉस्पिटलचंही नाही, कारण हॉस्पिटलची बदनामी करायची नाहीये मला. तुम्ही वाचाल तेव्हा तुम्हाला कळेल तुमचंच आहे ते.

मी पेशंटची मुलगी. माझ्या आईचे दोन्ही खुबे तुमच्याकडे जोडलेत. डावा तीन वर्षांपूर्वी, ती 76 ची होती तेव्हा, आणि उजवा यावर्षी, 79 व्या वर्षी. वॉर्ड तोच, ऑपरेशन जवळपास तेच, सर्जन तेच, बेडसुद्धा फक्त एक सोडून पलीकडचा. तीन वर्षांत ती म्हातारी झाली, अशक्त झाली, हे मला मान्य आहे आणि सगळा फरक वॉर्डमुळे पडला असं मी म्हणणार नाही. पण एकाच बाईला एकाच जागी दोन वेळा बघायला मिळालं मला, आणि मधे तुमच्याकडे एकच मोठा बदल झाला होता, तो राउंड बंद झाला होता.

सर्जनबद्दल माझी काही तक्रार नाही हे आधीच सांगते. दोन्ही वेळा ऑपरेशन उत्तम झालं, एक्स-रे बघून बाहेरच्या डॉक्टरांनीही मान डोलावली. पण ऑपरेशन दीड तासाचं असतं हो. आई तुमच्याकडे पहिल्या वेळी नऊ दिवस होती आणि दुसऱ्या वेळी तेवीस. त्या दीड तासाच्या बाहेरचं सगळं नर्सिंग आहे, आणि हे पत्र त्याबद्दल आहे.

पहिल्या वेळच्या राउंडचं सांगते, कारण आता जे नवीन लोक तिथे कामाला आहेत त्यांनी ते बघितलेलंच नसेल. सकाळी साडेआठला वॉर्डच्या सिनियर सिस्टर एक ट्रॉली ढकलत यायच्या, ट्रॉलीवर फाइली, आणि त्यांच्या मागे हाडांचे ज्युनियर डॉक्टर, म्हातारपणाच्या आजारांचे फिजिशियन, फिजिओ आणि डायटिशियन. सत्तरीपुढच्या पेशंटच्या बेडपाशी हे सगळे एकत्र उभे राहायचे, एका पेशंटला दोन मिनिटं, फार तर तीन. बोलायला सुरुवात सिस्टर करायच्या, डॉक्टर नाही, हे मला तेव्हा फार वेगळं वाटलं होतं. "रात्री दोनदा उठल्या, दुखणं हलताना सात, पडल्या पडल्या तीन, जेवण अर्धं, पोट दोन दिवस साफ नाही, टाचा ठीक." बास, एवढंच. मग फिजिशियन म्हणायचे ही गोळी कमी करा, फिजिओ म्हणायचा मग पेनकिलर माझ्या यायच्या आधी अर्धा तास द्या म्हणजे उभं करता येईल, डायटिशियन लिहून घ्यायची. आणि हे सगळं आईच्या समोर, तिला ऐकू जाईल अशा आवाजात. शेवटी सिस्टर आईला विचारायच्या, "काय आजी, आज कुठवर जायचं?" आई म्हणायची दारापर्यंत. मग बेडच्या वरच्या पांढऱ्या बोर्डावर मार्करने लिहायचं, दारापर्यंत. सगळ्या म्हाताऱ्या पेशंटचा मिळून वीस-पंचवीस मिनिटांचा कारभार होता हा. मी घड्याळ लावून बघितलंय, माझं काम हिशेबाचं आहे, सवय जात नाही.

आणि रोज सकाळी त्या एक खेळ खेळायच्या तिच्याशी. वय किती, जन्मतारीख काय, आपण कुठे आहोत, साल कुठलं, आणि मग म्हणायच्या वर्षाचे महिने उलटे म्हणून दाखवा, डिसेंबरपासून. आई डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर करत जायची आणि मेपाशी अडखळायची, मग स्वतःच हसायची. मला वाटायचं सिस्टर गप्पा मारतायत. ती तपासणी होती, फोर-ए-टी म्हणतात तिला, हे मला तीन वर्षांनी कळलं, जेव्हा कोणीच विचारेनासं झालं तेव्हा. दोन मिनिटंही लागत नाहीत तिला, आणि म्हाताऱ्या माणसाचा मेंदू आजारपणात गोंधळायला लागलाय का, म्हणजे डिलिरियम सुरू होतोय का, ते तिच्यात पकडता येतं.

आता दुसरी वेळ. मुद्देसूद लिहायचा प्रयत्न करते.

पहिला मुद्दा उपाशी ठेवण्याचा. आई रात्री ॲडमिट झाली, सकाळी ऑपरेशन आहे म्हणून मध्यरात्रीपासून पाण्याचा घोटही बंद. सकाळचं दुपारवर गेलं, दुपारचं संध्याकाळवर, आणि सात वाजता सांगितलं उद्या. मग जेमतेम चार घास, आणि परत मध्यरात्रीपासून बंद. भूल द्यायच्या सहा तास आधीपर्यंत हलकं खाणं आणि दोन तास आधीपर्यंत पाणी चालतं, हे भूलतज्ज्ञांचे सगळीकडचे नियम आहेत, मी शोधलेलं काही नवीन नाही. पण केस पुढे ढकलली हे ओटीने वॉर्डला कळवायचं, वॉर्डने किचनला, आणि त्या साखळीत बोलणारं कोणी नव्हतं. पहिल्या वेळी त्या सिनियर सिस्टर स्वतः ओटीला फोन करून विचारायच्या, "आमच्या आजी कितव्या नंबरवर? पाणी देऊ का?" फोन लागतो एवढ्याला.

दुसरा मुद्दा, आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे. कान.

आईला डाव्या कानाने काहीच येत नाही ऐकायला, उजव्या कानात मशीन घातलं की बऱ्यापैकी येतं. ऑपरेशनला नेताना कानातलं मशीन, कवळी आणि चष्मा एका पिशवीत घालून माझ्या हातात दिलं, सही घेतली. बरोबरच आहे. पण परत आल्यावर ते परत घालायचं हे कोणी सांगितलं नाही, आणि मीही वेड्यासारखी ती पिशवी पर्समध्ये ठेवून घरी गेले. ही माझी चूक आहे, मी ती मोकळेपणाने लिहितेय. पण पहिले तीन दिवस आई ऐकू येत नाही, दिसत नाही, चावता येत नाही अशा अवस्थेत त्या बेडवर पडून होती आणि तीन शिफ्टच्या नऊ ड्यूट्यांमध्ये एकाही माणसाला प्रश्न पडला नाही की ही बाई उत्तर का देत नाही. केसपेपरवर लिहिलंय, मी फोटो काढून ठेवलाय, "रुग्ण प्रतिसाद देत नाही, सहकार्य करत नाही". दुखणं शून्य ते दहामध्ये किती असं विचारलं असणार तिला, तिने बघितलं असणार त्यांच्या तोंडाकडे. म्हणून दुखण्याच्या रकान्यात तिन्ही दिवस शून्य. शून्य! खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या बाईला.

तिसऱ्या रात्री ती बरळायला लागली. वारलेल्या बहिणीला हाका मारत होती, सलाइन ओढत होती, उठून जायला बघत होती. रात्रीच्या सिस्टर एकट्या होत्या, चोवीस पेशंटना एकट्या, त्यांनी काय करावं, त्यांनी बँडेजच्या पट्टीने आईचे हात कठड्याला बांधले. सकाळी मी आले तेव्हा दोन्ही मनगटांवर लाल वळ होते. मला त्या सिस्टरचा राग आला नाही असं म्हटलं तर खोटं होईल, आला, पण त्याच मला म्हणाल्या, "ताई, मी पण नाही बघू शकत हो असं, पण त्या पडल्या असत्या तर मी काय सांगितलं असतं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाहीये. तुमच्याकडे असायला हवं.

आणि गंमत बघा, गंमत कसली. चौथ्या दिवशी आई एकदम गप्प झाली. दिवसभर डोळे मिटून, हाक मारली तर हूं. सगळ्यांना हायसं वाटलं. केसपेपरवर आलं, "रुग्ण शांत, झोप चांगली". तो पण डिलिरियमच होता. ओरडणारा पेशंट निदान कोणाचं तरी लक्ष वेधतो, हा गप्प पडणारा प्रकार कोणाला त्रास देत नाही म्हणून कोणी बघतही नाही, आणि म्हाताऱ्या माणसांत तोच जास्त निसटतो. सहाव्या दिवशी मी हट्टच केला तेव्हा ते म्हातारपणाचे फिजिशियन, जे आता फक्त "बोलावलं तर" येतात, ते आले आणि दहा मिनिटांत सांगितलं. लघवीचं इन्फेक्शन, कारण कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, सहा दिवस तसाच होता. पोट सहा दिवस साफ नाही, कारण दुखण्याची स्ट्राँग गोळी चालू आणि पोट साफ व्हायचं औषध कोणी लिहिलंच नाही. शरीरात पाणी कमी. आणि मग म्हणाले, "यांचं कानाचं मशीन कुठाय?" मी पर्स उघडली.

यातलं कुठलंही काम अवघड नाही, कॅथेटर काढणं, पोट साफ व्हायचं औषध देणं, मशीन कानात घालणं. पण ही एकेक गोष्ट एकेका माणसाच्या ताब्यात होती आणि ती माणसं एकमेकांना भेटतच नव्हती.

तिसरा मुद्दा वजन टाकण्याचा. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी राउंडला सर्जन घाईत म्हणाले, "उभं करा, पूर्ण वजन चालेल." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. फिजिओच्या कागदावर होतं "अर्धं वजन", कारण त्याने जुन्या कोणाच्या तरी फाइलवरून उतरवलं की काय कोण जाणे. दुपारच्या सिस्टर म्हणाल्या डॉक्टरांनी लिहिलेलं नाही तोवर मी खाली उतरवणार नाही. रात्रीच्या मावशी म्हणाल्या, "पाय बिलकुल टेकवायचा नाही हां आजी, स्क्रू हलतो." एका खुब्याबद्दल चार माणसांची चार मतं, आणि आईने अर्थातच सगळ्यात भीतीदायक मत मानलं. ती पाचव्या दिवसापर्यंत बेडवरून उतरली नाही. पहिल्या वेळी ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ती वॉकर धरून चार पावलं टाकून खुर्चीत बसली होती.

तुम्हाला वाटेल चार दिवसांनी काय होतंय. अमेरिकेत 2007 मध्ये छापून आलेला एक छोटा अभ्यास आहे, बारा धडधाकट वयस्कर माणसांना, कसलाही आजार नसलेल्या, दहा दिवस नुसतं बेडवर झोपवून ठेवलं. पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं. धडधाकट माणसांचं. माझी आई तर हाड मोडलेली, उपाशी ठेवलेली, इन्फेक्शन झालेली. खुब्याचं ऑपरेशन करतातच मुळी यासाठी की माणसाने लगेच पूर्ण वजन टाकून उभं राहावं, ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये तसं 2011 पासून स्पष्ट लिहिलंय, ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी उभं करा. एवढं मोठं ऑपरेशन करून पेशंटला झोपवूनच ठेवायचं तर मग केलं कशाला?

चौथा, टाच. उजव्या टाचेवर आधी लाल, मग काळपट डाग, मग जखम. तेवीस दिवसांतले कमीत कमी दहा त्या टाचेपायी. पहिल्या वेळी सिस्टरनी मला दाखवलं होतं, पोटरीखाली उशी अशी ठेवायची की टाच हवेत राहिली पाहिजे, टाचेच्या खालून तुमचा तळहात आरपार गेला पाहिजे. दुसऱ्या वेळी एअर बेड आणला, आणि एअर बेड आणला म्हणजे झालं असं सगळ्यांनी धरलं. दर दोन तासांनी कूस बदलायची तर चोवीस पेशंटमागे एक सिस्टर कसं करणार, गणित करून बघा. एका पेशंटला पाच मिनिटं धरली तरी चोवीस जणांचे दोन तास होतात, म्हणजे त्या बाईने रात्रभर फक्त कुशीच बदलायच्या, इंजेक्शन नाही, सलाइन नाही, घंटा वाजली तर जायचं नाही.

जेवणाचा ट्रे यायचा आणि झाकण न उघडता परत जायचा हे एका ओळीत सांगते. ट्रे बेडच्या पायथ्याशी असलेल्या टेबलावर ठेवायचे आणि माझी आई झोपलेली, कवळी नसलेली, हात बांधलेली.

पाचवा मुद्दा आमच्या हातून निसटलेला आणि तुमच्याही. पहिल्या फ्रॅक्चरनंतर हाडं ठिसूळ झालीत म्हणून वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं इंजेक्शन सुरू केलं होतं, झोलेड्रॉनिक ॲसिड. एकदा दिलं. पुढच्या वर्षी बोलावलंच नाही, कारण बोलावण्याचं काम त्या सिस्टरांच्या वहीत होतं आणि त्यांची बदली झाली होती. आम्हीही विसरलो, मान्य. पण 2007 सालच्याच एका मोठ्या अभ्यासात, दोन हजारांवर पेशंट होते त्यात, खुब्याचं फ्रॅक्चर झालेल्यांना हे इंजेक्शन वर्षाला एकदा दिल्यावर नवीन फ्रॅक्चर साधारण एक तृतीयांशाने कमी झाली, आणि मृत्यूही कमी झाले. त्या दोन वर्षांत आईला ते मिळालं असतं तर दुसरा खुबा वाचला असता का, माहीत नाही. पण विचार येतो. ग्लासगोमध्ये 1999 पासून असं आहे म्हणतात की फ्रॅक्चर घेऊन आलेल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येक माणसाला गाठून त्याच्या हाडांची तपासणी आणि औषध बघायचं काम खास नर्सकडे दिलंय. एक वही आणि एक ठरलेली नर्स.

आता तुम्ही म्हणाल या बाईने नेटवर वाचून आम्हाला शिकवायला घेतलंय. वाचलंय खरं. तेवीस दिवस बाकावर बसून दुसरं काय करणार होते. इंग्लंडमधल्या हेस्टिंग्ज गावात मायकेल डेव्हस नावाचे हाडांचे सर्जन आणि बॉबी आयर्विन नावाचे वृद्धांचे डॉक्टर यांनी साधारण साठ वर्षांपूर्वी एकत्र राउंड घ्यायला सुरुवात केली, म्हणजे ही कल्पना माझ्या वयापेक्षा जुनी आहे. बोस्टनमध्ये 2001 साली 126 पेशंटवर बघितलं, खुब्याच्या फ्रॅक्चरवाल्यांना वृद्धांचे डॉक्टर पहिल्यापासून रोज बघतील असं केलं तर डिलिरियम 50 टक्क्यांवरून 32 टक्क्यांवर आला. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला 397 पेशंट, अर्धे नेहमीच्या हाडांच्या वॉर्डात, अर्धे अशा एकत्र काम करणाऱ्या वॉर्डात, ऑपरेशन दोघांचंही सारखंच, आणि चार महिन्यांनी दुसरे अर्धे जास्त चांगले चालत होते. 2015 मध्ये छापलंय. आणि मला सगळ्यात चटका लावणारं कार्डिफचं, 2006 चं. तिथे खुबा मोडलेल्या बायकांच्या वॉर्डात नेहमीच्या नर्सिंगशिवाय एक जास्तीची मदतनीस दिली, जिचं काम फक्त पेशंटने नीट खाल्लं का बघणं, घास भरवणं, आवडनिवड विचारणं. डॉक्टर नाही, मशीन नाही. तर त्या वॉर्डात असताना मृत्यूचं प्रमाण 10 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आलं. मला आईचा तो झाकलेला ट्रे आठवला.

आणि मनुष्यबळाच्या पुनर्रचनेबद्दल. युरोपातल्या नऊ देशांत चार लाखांहून जास्त सर्जरीच्या पेशंटचा हिशेब लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये मांडला, एका नर्सवर एक पेशंट वाढला की ॲडमिट झाल्यापासून तीस दिवसांत हॉस्पिटलमध्ये मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते. तुमच्या पुनर्रचनेत रात्रीच्या दोनच्या एक सिस्टर झाल्या, म्हणजे बारावर बारा वाढले. मी मुद्दाम गुणाकार करून इथे लिहीत नाही, कारण तो तसा सरळ करता येत नाही हे मला कळतं, पण दिशा तर कळते ना?

तुमचं उत्तर मला माहीत आहे, मी ते काउंटरवर ऐकलंय. माणसं नाहीत. खरंय, नसतील. पण संयुक्त राउंडला नवीन माणूस एकही लागत नव्हता. ते पाचही जण तुमच्याच इमारतीत तेव्हाही होते आणि आजही आहेत. फिजिओ नऊला येतो, डायटिशियन अकराला, फिजिशियन बोलावलं तर, सर्जन ओटीच्या आधी साडेसातला, आणि सिस्टर त्या प्रत्येकाला तेच तेच परत सांगतात किंवा सांगायचं राहून जातं. वीस मिनिटं वाचवलीत तुम्ही दिवसाची. आईचे चौदा दिवस जास्त गेले. बेड अडून राहिला तो तुमचाच ना?

आणि ज्या सिस्टर हे सगळं चालवायच्या त्या आता कुठे असतात तर ओपीडीत नंबर पुकारतात. मी त्यांना तिथे बघितलं. पंचवीस वर्षं हाडांच्या वॉर्डात काढलेली बाई, हाताने कूस बदलताना हाड न दुखवता कशी बदलायची हे त्यांच्याकडून शिकावं, आणि त्या माइकवर म्हणतायत टोकन नंबर चव्वेचाळीस. त्यांनी माझ्याशी तुमच्याबद्दल एक शब्द वाईट बोलला नाही हे मुद्दाम लिहिते, नाहीतर उगाच त्यांनाच विचारणा व्हायची. हे पत्र माझं आहे.

मागण्या साध्या आहेत, लिहून देते म्हणजे ऐकल्या नाहीत असं व्हायला नको.

सत्तरीपुढच्या, हाड मोडून किंवा सांधा बदलायला आलेल्या पेशंटचा संयुक्त राउंड महिनाभरात परत सुरू करा, आणि त्यात बोलायला सुरुवात नर्सने करायची ही पद्धत तशीच ठेवा, कारण रात्रभर काय झालं ते तिलाच माहीत असतं. त्या वेळी एका नातेवाइकाला बेडजवळ थांबू द्या, आम्हाला बाहेर काढता आणि मग चार वेगळे निरोप देता.

प्रत्येक बेडच्या वर एक कागद किंवा बोर्ड, ज्यावर मोठ्या अक्षरात वजन किती टाकायचं, कानाचं मशीन आहे का, चष्मा, कवळी, कॅथेटर कुठल्या तारखेला घातला आणि कधी निघणार. ते बोर्ड अजून भिंतीवर आहेत, कोरे. मार्कर आणा.

फोर-ए-टी रोज एकदा, प्रत्येक म्हाताऱ्या पेशंटला, आणि केसपेपरवर "शांत" आणि "सहकार्य करत नाही" हे दोन शेरे लिहायच्या आधी तपासणी झालीच पाहिजे.

हात बांधायचे नाहीत. बांधावे लागले तर कोणाच्या परवानगीने, किती वेळ, आणि आधी काय काय करून बघितलं ते लिहायचं आणि घरच्यांना त्याच रात्री फोन करायचा. मी आले असते हो. वीस मिनिटांवर राहते.

रात्री कमीत कमी दोन सिस्टर. जेवणाच्या वेळी ज्यांना हाताने खाता येत नाही त्यांच्यासाठी एक माणूस, मावशी असो, मामा असो, नाहीतर नातेवाइकांना आत सोडा, आम्ही भरवतो.

हाडांच्या औषधाची वही एका ठरलेल्या नर्सकडे, आणि तिची बदली झाली तर वही दुसऱ्या नर्सच्या हातात, सही घेऊन, जशी माझी घेतली होती कवळी देताना.

आणि दर तीन महिन्यांनी चार आकडे दारावर लावा, त्या स्थगितीच्या कागदाच्या जागी. खुब्याच्या किती पेशंटचं ऑपरेशन 36 तासांत झालं, किती जण दुसऱ्या दिवशी उभे राहिले, किती जणांना इथे आल्यावर बेडसोर झाले, किती जणांना हाडांचं औषध देऊन घरी पाठवलं. ब्रिटनमध्ये 2007 पासून हाडांचे आणि वृद्धांचे डॉक्टर मिळून देशभराचा असा हिशेब ठेवतात, आणि 2010 पासून इंग्लंडमध्ये तर या गोष्टी वेळेत केल्या तर हॉस्पिटलला त्या पेशंटमागे जास्तीचे पैसे मिळायला लागले. तुम्हाला तसे मिळणार नाहीत हे मान्य. पण आकडे लिहायला काय लागतं.

त्या सिनियर सिस्टरांना परत वॉर्डला आणा ही मागणी मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण ती तुम्ही सगळ्यात आधी नाकाराल.

आई आता घरी आहे. वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत जाते, पहिल्या वेळी डिस्चार्जच्या दिवशी ती जिन्याच्या चार पायऱ्या चढली होती. टाच भरत आलीये. महिने उलटे म्हणायला सांगितलं मी काल, डिसेंबर, नोव्हेंबर करत सप्टेंबरपाशी थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्या सिस्टर नव्हत्या ग या वेळी."

तिचा फॉलोअप पुढच्या गुरुवारी आहे, हाडांच्या वॉर्डासमोरूनच व्हीलचेअर न्यावी लागते. दारावर तो कागद आहे का, तेवढं बघेन मी जाताना.

आपली,
दोन खुब्यांच्या पेशंटची मुलगी